दुर्मीळ वोलेमी, दारातले जांभूळ आणि जबलपूरचे खडक

ऑस्ट्रेलियातील वोलेमी पाइन हा जगातील अतिदुर्मीळ सूचिपर्णी वृक्षांपैकी एक समजला जातो. निसर्गात त्याची पूर्ण वाढलेली शंभर झाडेही नाहीत. याउलट जांभूळ हा भारतात शेताच्या बांधावर, नदीकाठी, शाळेच्या आवारात आणि महामार्गाच्या कडेला सर्रास आढळणारा फळवृक्ष आहे. पावसाळ्याच्या तोंडावर जबलपूरच्या बाजारांतून जांभळाच्या पाट्या दिसू लागतात, तेव्हा या झाडाला दुर्मीळ वनस्पतीच्या शेजारी बसवावे असे कोणाच्या मनातही येणार नाही.

तथापि मध्य प्रदेशातील जबलपूर आणि त्याच्या पूर्वेचा डोंगराळ मुलूख हा या दोन वृक्षांच्या तुलनेसाठी मोठा सोयीचा प्रदेश आहे. वोलेमी ज्या कुळातील आहे, त्या कुळाच्या प्राचीन वृक्षांचे ठसे जबलपूरच्या खडकांत सापडतात. जांभळाच्या लाकडाशी मिळतेजुळते अश्मीभूत लाकूड जुन्या मंडला जिल्ह्यातून नोंदवले गेले आहे. या दोन नोंदींमध्ये कित्येक कोटी वर्षांचे अंतर आहे. पहिल्या नोंदीच्या काळात सूचिपर्णी वृक्ष येथे सर्रास होते आणि फुले येणाऱ्या झाडाचा पत्ताही नव्हता. आज स्थिती नेमकी उलट आहे.

शंभराहून कमी

वोलेमी पाइनचा शोध १९९४ च्या सप्टेंबर महिन्यात लागला. न्यू साउथ वेल्स राज्याच्या राष्ट्रीय उद्यान सेवेतील अधिकारी डेव्हिड नोबल हे सिडनीच्या वायव्येस असलेल्या वोलेमी राष्ट्रीय उद्यानातील एका अरुंद घळीत दोरांच्या साह्याने उतरले असता त्यांना अपरिचित झाडे दिसली. त्यांनी खाली पडलेली एक डहाळी सोबत आणली. प्रथम ती नेचाची असावी असा समज झाला. पण झाड चाळीस मीटरपर्यंत उंच आहे, हे कळल्यावर वनस्पतिशास्त्रज्ञांची उत्सुकता वाढली. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९९५ मध्ये, या वृक्षाचे 'वोलेमिया नोबिलिस' असे नामकरण झाले. नावाच्या पूर्वार्धात स्थळ आणि उत्तरार्धात शोधकर्ता, दोघेही आले.

नावात 'पाइन' असले तरी हा हिमालयातल्या चीड किंवा देवदाराच्या कुळातला नाही. तो अरॉकेरियासी कुळातील आहे. या कुळात आज अरॉकेरिया, अगाथिस आणि वोलेमिया अशा तीनच प्रजाती उरल्या असून त्यांत मिळून चाळीसएक जाती आहेत. आपल्याकडे जुन्या बंगल्यांच्या आवारात, छावणी भागात आणि चर्चसमोर 'ख्रिसमस ट्री' म्हणून लावलेले उंच, मजल्यामजल्यांच्या फांद्यांचे झाड बहुधा याच कुळातील अरॉकेरिया असते. त्यातील 'कुक पाइन' ही जाती उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे आणि दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे, म्हणजे नेहमी विषुववृत्ताच्या दिशेने, किंचित कलून वाढते, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. ओळखीच्या आवारात असे झाड असल्यास वाचकांना ही गोष्ट स्वतः पडताळून पाहता येईल.

वोलेमीच्या परागकणांशी जुळणारे अश्मीभूत परागकण ऑस्ट्रेलियात सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वीच्या थरांपासून आढळतात. ते तेथील थरांतून सुमारे वीस लाख वर्षांपूर्वी दिसेनासे होतात. हवामान कोरडे होत गेले, वणवे वाढले आणि हा वृक्ष वालुकाश्मातील ओलसर घळींपुरता उरला, असे शास्त्रज्ञांचे मत आहे. तेथे तो टिकला याचे एक कारण त्याच्या वाढीच्या सवयीत आहे. वोलेमीच्या बुंध्याशी नवे धुमारे फुटतात आणि कालांतराने एकाच मुळावर अनेक खोडे उभी राहतात. जुने खोड कोसळले तरी झाड मरत नाही. मात्र त्यामुळे पाहणाऱ्याला जे राईसारखे दिसते, ते पुष्कळदा एकच झाड असते.

जबलपूरच्या मातीतील सूचिपर्णी वने

जबलपूर शहराचे नाव भूशास्त्राच्या पुस्तकांत एका खडकसमूहाला मिळालेले आहे. 'जबलपूर फॉर्मेशन' या नावाने ओळखले जाणारे हे थर मुख्यतः वालुकाश्म आणि पांढुरक्या मातीचे आहेत. घरे सारवण्यासाठी वापरली जाणारी पांढरी 'छुई' माती या भागात सर्वांना परिचित आहे. शहरातील छुई टेकडी हा याच थरांचा उघडा पडलेला भाग होय. या थरांचे वय साधारणपणे क्रिटेशस कालखंडाच्या पूर्वार्धातील, म्हणजे दहा कोटी वर्षांहून बरेच अधिक मानले जाते.

या थरांतील वनस्पतींचे पहिले सविस्तर वर्णन ऑटोकार फाइस्टमांटेल या बोहेमियातील पुरावनस्पतिशास्त्रज्ञाने केले. ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या नोकरीत होते आणि शोण व नर्मदा या नद्यांच्या खोऱ्यांतील जबलपूर समूहाच्या वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ १८७७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नेचे आहेत, सायकससारख्या पानांच्या वनस्पती आहेत आणि सूचिपर्णी वृक्षांच्या डहाळ्या आहेत. त्यांपैकी एका डहाळीला त्यांनी शहराच्या नावावरून 'जबलपुरेन्सिस' असे जातिनाम दिले. अरॉकेरियाच्या शंकूतील बीजधारी खवल्यांसारखे अवशेषही या थरांतून नोंदवले गेले असून त्यांना 'अरॉकेरायटिस' म्हणतात. हे अवशेष वोलेमीचे नव्हेत. परंतु वोलेमी ज्या कुळाचा आज एका घळीत अडकून पडलेला वारस आहे, ते कूळ येथे नांदत होते, एवढे त्यांवरून निश्चित म्हणता येते.

ऑस्ट्रेलियातील झाडाचे आप्त नर्मदेच्या काठी कसे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तरही याच प्रदेशाच्या नावात दडलेले आहे. गोंड राजांच्या मुलखावरून, म्हणजे गढा-मंडला आणि आसपासच्या प्रदेशावरून, एच. बी. मेडलिकॉट यांनी १८७२ मध्ये येथील खडकांना 'गोंडवन' हे नाव दिले. पुढे एडुआर्ट झ्यूस यांनी दक्षिणेकडील प्राचीन महाखंडाला 'गोंडवनलँड' म्हटले. भारत, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका या महाखंडात एकत्र होते. भारत ऑस्ट्रेलिया व अंटार्क्टिकापासून सुमारे तेरा कोटी वर्षांपूर्वी विलग झाला. त्या काळचे जबलपूर विषुववृत्ताच्या बरेच दक्षिणेला होते आणि एकच वनश्री या सर्व भूभागांवर पसरलेली होती.

जबलपूर थरांच्या वर लमेटा थर आहेत. भेडाघाटजवळील लमेटा घाटावरून त्यांना हे नाव पडले. १८२८ मध्ये डब्ल्यू. एच. स्लीमन यांना जबलपूरच्या परिसरात जी हाडे सापडली, ती भारतातील डायनोसॉरच्या अवशेषांची पहिली नोंद ठरली. त्यांवरून रिचर्ड लिडेकर यांनी १८७७ मध्ये 'टायटॅनोसॉरस इंडिकस' हे नाव दिले. हे महाकाय प्राणी काय खात होते, याचे उत्तर मात्र महाराष्ट्रातून मिळाले. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा येथे लमेटा थरांतच डायनोसॉरची अश्मीभूत विष्ठा सापडते. २००५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात वंदना प्रसाद व त्यांच्या सहकाऱ्यांनी या विष्ठेतील सिलिकेच्या सूक्ष्म कणांचा अभ्यास मांडला. त्यांत गवताच्या कणांबरोबर ताडवर्गीय, द्विदल आणि सूचिपर्णी अशा सर्व वनस्पतींचे कण निघाले. गवताच्या शोधाचा तेव्हा जगभर गाजावाजा झाला. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की, सूचिपर्णी वृक्ष आणि सपुष्प वनस्पती एकाच प्राण्याच्या एकाच आहारात होत्या. जुने गेले आणि नवे आले असा तो सरळ खांदेपालट नव्हता.

नागपूरकरांना याचा पुरावा आणखी जवळ मिळेल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या धर्मोपदेशकांनी नागपूरजवळील टाकळी येथून जीवाश्म गोळा केले होते. लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडलेल्या गाळातील त्या संग्रहात सूचिपर्णी वृक्षांचे शंकू होते. बिरबल साहनी यांनी १९३१ मध्ये त्यांचे वर्णन करताना एकाचे नाव 'टाक्लिओस्ट्रोबस', म्हणजे 'टाकळीचा शंकू', असे ठेवले. जबलपूर आणि नागपूर १९५६ पर्यंत एकाच प्रांतात होती. त्यांच्या खडकांचे नाते त्याहून पुष्कळ जुने आहे.

घुघुआ येथील दगडी लाकूड

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे थर पसरत होते. दोन उद्रेकांच्या मधल्या शांततेत तळी साचली, झाडे उगवली आणि पुढच्या उद्रेकाने ती झाकली गेली. सिलिकायुक्त पाणी लाकडात मुरले आणि पेशीपेशीची जागा दगडाने घेतली. असे दगडी लाकूड जबलपूरच्या पूर्वेस, आज दिंडोरी जिल्ह्यात असलेल्या घुघुआ येथे मोठ्या प्रमाणात आढळते. १९९८ पूर्वी हा भाग मंडला जिल्ह्यात होता.

त्याकडे लक्ष वेधण्याचे श्रेय धर्मेंद्र प्रसाद यांना दिले जाते. ते मंडला जिल्ह्याचे सांख्यिकी अधिकारी होते आणि जिल्हा पुरातत्त्व संघाचे मानद सचिव. १९७० च्या दशकात त्यांनी या अवशेषांचे महत्त्व ओळखले. त्यानंतर जबलपूरच्या विज्ञान महाविद्यालयातील आणि लखनौच्या बिरबल साहनी पुरावनस्पतिविज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी येथील लाकूड, पाने, फळे व बिया यांची छाननी केली. १८ कुळांतील ३१ प्रजातींच्या वनस्पती ओळखल्या गेल्या. ताडवर्गीय वृक्षांचे प्रमाण त्यांत लक्षणीय आहे. १९८३ मध्ये या जागेला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. त्याचे क्षेत्रफळ जेमतेम २७ हेक्टर, म्हणजे एखाद्या मोठ्या शेतकऱ्याच्या जमिनीइतके आहे. वाघ पाहायला कान्हा किंवा बांधवगडला जाणारे बहुतेक पर्यटक येथे थांबत नाहीत, ही खेदाची गोष्ट म्हटली पाहिजे.

घुघुआच्या एका लाकडाला शास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये 'युकॅलिप्टस धर्मेंद्री' असे नाव दिले. निलगिरीचा वृक्ष मूळचा ऑस्ट्रेलियाचा समजला जातो. त्यामुळे ही नोंद गाजली आणि तिच्याविषयी पुढे मतभेदही व्यक्त झाले. पण जांभळाच्या संदर्भात त्याहून महत्त्वाची नोंद १९७३ ची आहे. जबलपूरचे डॉ. एस. आर. इंगळे यांनी मंडला जिल्ह्यातील एका अश्मीभूत लाकडाचे 'सिझिजिऑक्सिलॉन मंडलाएन्स' या नावाने वर्णन केले. हा निबंध नागपूरहून निघणाऱ्या 'बोटॅनिक' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जांभळाच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव सिझिजियम. 'ऑक्सिलॉन' म्हणजे लाकूड. सिझिजियमच्या लाकडासारखी रचना असलेले मंडल्याचे लाकूड, असा या नावाचा सरळ अर्थ होतो.

या नामकरण पद्धतीत एक सावधगिरी आहे आणि ती लक्षात घेणे आवश्यक आहे. दगड झालेल्या ओंडक्याला फूल नसते, पानही नसते. हाती असते ती फक्त लाकडाची रचना. म्हणून पुरावनस्पतिशास्त्रज्ञ 'हे जांभूळ आहे' असे न म्हणता 'हे जांभळासारखे लाकूड आहे' एवढेच म्हणतात. पर्यटकांसाठी लिहिल्या जाणाऱ्या माहितीत मात्र हा फरक बहुधा गळून पडतो आणि 'साडेसहा कोटी वर्षांचे जांभूळ' उभे राहते.

लाकूड कसे ओळखतात

सूचिपर्णी वृक्ष आणि जांभळासारखा सपुष्प वृक्ष यांतील सर्वांत मोठा भेद लाकडातच आहे. तो दगडातही टिकून राहतो. अश्मीभूत लाकडाचा तुकडा हिरकणीच्या करवतीने कापतात, काचपट्टीवर चिकटवतात आणि प्रकाश आरपार जाईल इतका झिजवतात. असे तीन काप लागतात. एक आडवा, दुसरा केंद्रातून परिघाकडे जाणारा उभा आणि तिसरा त्याला काटकोनात.

आडव्या कापात जांभळासारख्या लाकडात मोठी गोल छिद्रे दिसतात. या वाहिन्या होत, म्हणजे पाणी वर नेणाऱ्या, एकापुढे एक जोडलेल्या मोकळ्या नळ्या. सूचिपर्णी वृक्षाच्या लाकडात अशी छिद्रे नसतात. तेथे सर्व लाकूड वाहिनिका नावाच्या बारीक, टोकाशी बंद पेशींचे बनलेले असते आणि पाणी एका पेशीतून दुसरीत भिंतीतील सूक्ष्म खाचांमधून झिरपत जाते. अरॉकेरियासी कुळात या खाचा एकमेकींना खेटून, मधमाशांच्या पोळ्याप्रमाणे षट्कोनी आकाराच्या असतात. तज्ज्ञाच्या नजरेला तेवढी खूण पुरते.

या भेदाचा परिणाम झाडाच्या संपूर्ण जीवनक्रमावर होतो. मोकळ्या नळ्यांतून पाणी वेगाने चढते, त्यामुळे पाने रुंद आणि दाट शिरांची होऊ शकतात, अन्न अधिक तयार होते आणि वाढ जलद होते. उष्ण व पाऊसमान चांगले असलेल्या प्रदेशात या स्पर्धेत सूचिपर्णी वृक्ष मागे पडतात. थंड, निकस किंवा उंच जागी मात्र त्यांच्या बंद पेशी अधिक भरवशाच्या ठरतात, कारण गोठल्यामुळे किंवा पाण्याच्या ताणामुळे होणारा बिघाड एका पेशीपुरता मर्यादित राहतो. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत उष्ण कटिबंधात आला आणि येथील अरॉकेरिया कुळ नामशेष झाले, यामागे अशी अनेक कारणे एकत्र आली असावीत. आज संपूर्ण दक्षिण भारतात सूचिपर्णी वृक्षाची एकच देशी जाती उरली आहे. 'नागेया वालिचियाना' असे तिचे नाव असून ती सह्याद्रीच्या दक्षिण भागातील सदाहरित वनांत आढळते. गंमत अशी की तिची पाने सुईसारखी नसून चांगली रुंद असतात आणि अनभिज्ञ माणसाला ती जांभळाच्या जातीची वाटू शकतील.

बीजाच्या बाबतीतही भेद स्पष्ट आहे. वोलेमीचे पराग वाऱ्यावर जातात, नर व मादी शंकू एकाच झाडावर वेगवेगळे येतात आणि पातळ पंखाचे बी शंकू फुटल्यावर खाली पडते. घळीतल्या झाडाचे बी बहुधा घळीतच राहते. जांभळाच्या फुलोऱ्यावर मधमाशांची झुंबड उडते. फळ पक्षी, वटवाघळे, उदमांजरे, अस्वले आणि माणसे खातात आणि बी दूर टाकतात. एका बीतून कधी कधी दोन-तीन रोपे उगवतात, हे परसात जांभूळ रुजवलेल्या कोणीही पाहिले असेल.

एकाच वर्षी उलगडलेले दोन जनुकसंच

२०२३ हे वर्ष या दोन्ही वृक्षांच्या अभ्यासात उल्लेखनीय ठरले. वोलेमीचा संपूर्ण जनुकसंच त्या वर्षी मांडण्यात आला. त्यात डीएनएच्या सुमारे १,२२० कोटी अक्षरजोड्या आहेत. माणसाच्या जनुकसंचाच्या जवळजवळ चौपट हा आकार आहे. त्याच वर्षी भोपाळच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी जांभळाचा जनुकसंच प्रसिद्ध केला. तो सुमारे ७१ कोटी अक्षरजोड्यांचा आहे. म्हणजे दुर्मीळ झाडाची पोथी सर्रास आढळणाऱ्या झाडाच्या पोथीच्या सतरा पट जाड आहे.

पण पोथी जाड असली म्हणजे पाठभेद असतातच असे नाही. वोलेमीची झाडे एकमेकांशी इतकी सारखी आहेत की, त्यांच्यात जनुकीय वैविध्य जवळजवळ आढळत नाही. त्यामुळे एखादा रोग एका झाडाला मारू शकत असेल तर तो सर्वांना मारू शकतो. ही भीती काल्पनिक नाही. फायटोफ्थोरा नावाचा मुळे कुजवणारा रोगजंतू २००५ मध्ये त्या घळीत आढळून आला. चिखल लागलेल्या बुटांबरोबर तो तेथे पोहोचला असावा, असा संशय आहे. घळीचे नेमके स्थान गुप्त ठेवण्यामागे आणि संशोधकांनाही पादत्राणे निर्जंतुक करूनच आत सोडण्यामागे हेच कारण आहे.

दुसरे संकट आगीचे. २०१९ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियात भीषण वणवे पेटले, तेव्हा गॉस्पर्स माउंटनचा वणवा थेट वोलेमीच्या राईपर्यंत आला. विमानांतून आगरोधक द्रव्याची फवारणी करण्यात आली, हेलिकॉप्टरमधून अग्निशमन कर्मचारी घळीत उतरवले गेले आणि झाडांभोवती पाण्याचे तुषार चालू ठेवण्यात आले. काही झाडे होरपळली, परंतु राई बचावली. मोहीम फत्ते झाल्यावरच, २०२० च्या जानेवारीत, शासनाने तिची वाच्यता केली.

झाड टिकवण्यासाठी ऑस्ट्रेलियाने आणखी एक मार्ग अवलंबला, तो म्हणजे विक्रीचा. कलमांपासून तयार केलेल्या पहिल्या रोपांचा २००५ मध्ये सिडनीत लिलाव झाला आणि त्यानंतर रोपे सर्वसाधारण ग्राहकांना मिळू लागली. घरोघरी झाड पोहोचले की चोरून घळीत जाण्याचा मोह उरणार नाही, हा त्यामागील हिशेब होता. आज वोलेमीची जंगलातील झाडे शंभराच्या आत आणि कुंड्यांतील व बागांतील झाडे हजारोंच्या घरात, अशी विचित्र स्थिती आहे.

सर्वत्र आढळणाऱ्या झाडाचा प्रवास

मिर्टेसी कुळाला मराठीत जंबुल कुल म्हणतात. पेरू, लवंग आणि निलगिरी हे जांभळाचे सगेसोयरे होत. सिझिजियम ही वृक्षांमधील जगातील सर्वांत मोठी प्रजाती असून तीत सुमारे १,२०० जाती आहेत. २०२२ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने या प्रजातीचा उगम ऑस्ट्रेलिया व न्यू गिनीच्या भूभागात झाला आणि तेथून ती पश्चिमेकडे आशियात पसरली, असा निष्कर्ष काढला आहे. तो ग्राह्य धरल्यास आपले अस्सल देशी जांभूळ हे परतलेल्या प्रवाशाचे वंशज ठरते. मंडल्याचे ते अश्मीभूत लाकूडही मग आजच्या जांभळाच्या थेट पूर्वजाचे न मानता, त्याच कुळातील पण आधीच लोप पावलेल्या एखाद्या शाखेचे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. दगडाची साक्ष आणि जनुकांची साक्ष येथे तंतोतंत जुळत नाहीत.

ऑस्ट्रेलियाशी संबंधित असे दोन वंश. एक घळीत कोंडला गेला, दुसऱ्याने अर्धे जग व्यापले. जांभळाला त्यासाठी माणसाचे मोठे साह्य झाले. पुराणांनी तर आपल्या भूभागालाच जंबुद्वीप म्हटले. नव्या दिल्लीतील कर्तव्यपथाच्या, म्हणजे पूर्वीच्या राजपथाच्या, दुतर्फा जांभळाच्या रांगा आहेत. लाकूड पाण्यात कुजत नाही म्हणून विहिरीच्या बांधकामात तळाशी ते घालण्याची पद्धत उत्तर भारतात होती. १९११ मध्ये जांभूळ अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात नेण्यात आले. तेथे आणि हवाई बेटांवर ते इतके फोफावले की, स्थानिक वनस्पतींना हटवणाऱ्या उपद्रवी झाडांच्या यादीत त्याचा समावेश झाला आहे. म्हणजे एकाच झाडाची जबलपुरात लागवड केली जाते आणि फ्लोरिडात ते उपटून टाकण्याची शिफारस होते.

तरीही प्रजाती सर्रास आढळते म्हणून तिची प्रत्येक जाती सुरक्षित असते असे नाही. 'सिझिजियम ट्रावणकोरिकम' ही जांभळाची बहीण सह्याद्रीच्या दलदलीच्या जंगलांत वाढते. भातशेतीसाठी अशा दलदली बुजवल्या गेल्या आणि ही जाती आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदली गेली. त्याच यादीत त्याच वर्गात वोलेमीही आहे. केरळ आणि कर्नाटकातील तिच्या मोजक्या ठिकाणांसाठी ना हेलिकॉप्टर उतरले, ना लिलाव झाले. वोलेमीच्या वाट्याला 'डायनोसॉरच्या काळातील वृक्ष' ही ख्याती आली. दलदलीतल्या जांभळाला तशी कोणती बिरुदावली नाही.

दारातल्या जांभळाच्या बाबतीतही एक बदल नोंदवण्याजोगा आहे. महाराष्ट्रात पालघर जिल्ह्यातील बहाडोलीच्या आणि ठाणे जिल्ह्यातील बदलापूरच्या जांभळाला अलीकडे भौगोलिक मानांकन मिळाले. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण बहाडोली' हा वाण निवडून दिला आहे. मोठे फळ, लहान बी आणि लवकर उत्पन्न यांमुळे बागायतदार कलमांकडे वळत आहेत आणि त्यात त्यांचा लाभ आहे. परंतु कलमांची बाग म्हणजे एकाच झाडाच्या अनेक प्रती. वोलेमीच्या घळीत निसर्गाने जे घडवले, तेच येथे हेतुपुरस्सर घडते. वैविध्य उरते ते बियांपासून आपोआप उगवलेल्या रानातल्या, बांधावरच्या आणि जुन्या रस्त्यांच्या कडेच्या झाडांत, आणि रस्ता रुंद करायचा झाल्यास सर्वप्रथम याच झाडांवर कुऱ्हाड पडते.

हे वैविध्य बियांच्या रूपाने साठवून ठेवण्याचा मार्ग जांभळाला उपलब्ध नाही. धान्याचे किंवा कडधान्याचे बी सुकवून शीतगृहात वर्षानुवर्षे ठेवता येते. जांभळाचे बी सुकले की मरते. ताजे बी काही आठवड्यांतच पेरावे लागते. म्हणून या झाडाचा संग्रह करायचा तर तो जिवंत झाडांचाच करावा लागतो. वोलेमीच्या बाबतीतही २०२३ मध्ये हाच मार्ग स्वीकारण्यात आला. जनुकीय दृष्ट्या निवडलेली रोपे युरोपातील व अन्य देशांतील वनस्पती उद्यानांना वाटण्यात आली, जेणेकरून घळीवर आपत्ती आली तरी वाण शिल्लक राहील. जांभळासाठी असा संग्रह उभारताना जमीन मात्र पुष्कळ लागते. बियांपासून वाढवलेल्या दोन झाडांमध्ये दहा मीटर अंतर सोडण्याची शिफारस आहे आणि त्या हिशेबाने एका हेक्टरात शंभरच झाडे मावतात.